वॉर्डातून वर्गात : परिचर्येच्या पदवीची गोष्ट

बारावीचा निकाल लागला की जीवशास्त्राच्या शिक्षकांकडे एक चौकशी हमखास येते. मुलीला बरे गुण आहेत, वैद्यकीय शाखेला जागा मिळेलच असे नाही, तर बी.एस्सी. नर्सिंगला घालावे का? त्याला जोडून वडिलांचा दुसरा प्रश्न असतो : नर्स व्हायला चार वर्षांची पदवी कशाला? ती तर रुग्णालयात काम करता करता शिकायची गोष्ट!

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. दुसरा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे, आणि वाटतो तितका अडाणीपणाचा मुळीच नाही. १८६० पासून पुढे जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षे बहुतेक जग या वडिलांच्याच मताचे होते. इंग्लंडसारख्या देशात तर त्याहूनही जास्त काळ. गंमत अशी की आधुनिक परिचर्येची पहिली शाळा ज्या देशात निघाली, त्या ब्रिटनमध्ये परिचर्येची पहिली पदवी सुरू व्हायला १९६० साल उजाडले (एडिंबरा विद्यापीठात), आणि आपल्याकडे ती १९४६ सालीच सुरू झाली होती. चौदा वर्षे आधी. हे कसे घडले आणि त्यात दापोली तालुक्यातल्या एका माणसाचा दूरचा का होईना, पण संबंध कसा येतो, ते पाहू.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की पाठ्यपुस्तकात हातात दिवा घेतलेली बाई दिसते. तिच्या दुसऱ्या हातात आकडेवारीचे कोष्टक असायला हवे होते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी अधिक मेले, हे तिने महिनावार आकडे मांडून दाखवले. १८५८ साली तिने त्यासाठी काढलेली वर्तुळाकार आकृती आजही संख्याशास्त्राच्या वर्गात दाखवण्याजोगी आहे. १८६० साली तिने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. या शाळेबद्दलची एक बाब सहसा सांगितली जात नाही. शाळेचा खर्च रुग्णालय करीत नव्हते. लोकांनी नाइटिंगेलच्या नावाने वर्गणी काढून निधी उभारला होता, त्यातून पैसे येत. म्हणजे शिकणाऱ्या मुलींच्या शिक्षणाचा खर्च बाहेरून येत होता.

या शाळेची नक्कल पुढे जगभर झाली. निधीची मात्र झाली नाही, आणि सारी मेख तिथेच आहे. निधी नाही, तर मुलींच्या राहण्याजेवणाचा खर्च रुग्णालयाने करायचा; आणि रुग्णालयाने तो करायचा तर त्याच्या बदल्यात मुलींनी वॉर्डात राबायचे. हिशोब सोपा होता. रुग्णालयाला निवास, जेवण आणि किरकोळ विद्यावेतनाच्या मोबदल्यात सकाळपाळी आणि रात्रपाळीला माणसे मिळत. मुलींना तीन वर्षांनी प्रमाणपत्र मिळे. वॉर्डात माणूस कमी पडला की शरीरक्रियाशास्त्राचा तास रद्द होई, कारण तास उद्या घेता येतो, पण रोग्याचे अंथरूण आजच बदलावे लागते. यात कोणी दुष्ट नव्हते. पण एखादी मुलगी सहा महिने तापच मोजत राहिली, तर पहिल्या महिन्यानंतर ती काही शिकत नाही, फक्त काम करते. आपल्याकडे शिकाऊ उमेदवाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे झाडू मारणारी पोरे सगळ्यांनीच पाहिली आहेत. हा त्यातलाच प्रकार होता, फक्त पांढऱ्या गणवेशातला.

ही अडचण पहिल्यांदा मोजमाप करून मांडली गेली ती अमेरिकेत. तिथे १९०७ साली ॲडलेड नटिंग या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात परिचर्येच्या जगातील पहिल्या प्राध्यापक झाल्या. १९२३ साली जोसेफिन गोल्डमार्क यांनी लिहिलेला एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचे शिक्षण यांत ओढाताण झाली की दर वेळी शिक्षण हरते, असा त्याचा थोडक्यात निष्कर्ष होता. त्याच वर्षी येल विद्यापीठाने परिचर्येची स्वतंत्र शाळा काढली. तिथे कोणत्या वॉर्डात किती दिवस काढायचे हे रुग्णालयाच्या गरजेवरून ठरायचे नव्हते, अभ्यासक्रमावरून ठरायचे होते. माझ्या मते परिचर्येच्या पदवीची खरी सुरुवात इथे आहे. विद्यापीठाचा शिक्का, टोपी, झगा या नंतरच्या गोष्टी. विद्यार्थिनीचा वेळ कोणाच्या मालकीचा, हा मूळ प्रश्न होता.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत जे.जे. आणि १८८६ साली स्त्रिया व मुलांसाठी उघडलेले कामा, अशा रुग्णालयांतून परिचारिकांना शिकवायला सुरुवात झाली. शिकायला येणाऱ्या मुली बहुतेक अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती होत्या. इतर घरांतून मुली का येत नव्हत्या, याचे कारण शिक्षकांना वेगळे सांगायला नको. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे. जातीची उतरंड, सोवळे-ओवळे आणि बाईची अब्रू या तिन्ही कल्पनांना हे काम एकाच वेळी धक्का देत होते.

पुण्यात ही कोंडी फोडली ती रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनाने. १९०९ साली ही संस्था निघाली आणि दोन वर्षांतच तिने ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यासाठी बायका पाठवायला आरंभ केला. त्यांच्या राहण्यासाठी वसतिगृहाची सोय केली. या शिक्षणाकडे वळणाऱ्यांत विधवा पुष्कळ होत्या. ज्या बाईला समाजाने मंगलकार्यातून बाहेर काढले, तिनेच समाजाची दुखणी काढायची, असा तो न्याय होता! पण त्या बाईच्या बाजूने पाहिले तर पहिल्यांदाच तिच्या हातात स्वतःच्या कमाईचे पैसे आले, आणि तेही एका विद्येच्या बळावर. ही गोष्ट लहान नव्हती.

याच काळात पुण्याजवळ हिंगण्याला दुसरा एक धागा विणला जात होता. दापोलीहून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याने गेले की मुरूड लागते. हे धोंडो केशव कर्व्यांचे गाव. त्यांचा जन्म १८५८ सालचा. शालेय वयात परीक्षा देण्यासाठी ते या गावातून निघून शंभर मैलांहून अधिक अंतर चालत साताऱ्याला गेले, आणि अंगकाठी लहान म्हणून वय कमी ठरवून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, ही हकीकत कोकणातल्या बहुतेक शाळांतून सांगितली जाते. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९१५ च्या सुमारास जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून १९१६ मध्ये स्वतःच तसे विद्यापीठ सुरू केले. विद्यार्थिनी होत्या पाच.

या विद्यापीठावर त्या वेळी टीकाही झाली. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनशास्त्र, आरोग्यशास्त्र असे विषय. म्हणजे बायकांना पुन्हा चुलीकडेच पाठवणे नव्हे काय, असे टीकाकार विचारीत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण त्या अभ्यासक्रमात नकळत एक मोठी गोष्ट घडली होती. आजवर घरातल्या बाईने न शिकता करायचे काम मानले जाई, त्याला पदवीचा विषय म्हणून मान्यता मिळाली. आजाऱ्याची देखभाल हे असेच काम आहे. ते सगळ्यांना येते असे सगळ्यांना वाटते. कर्व्यांनी परिचर्येचे महाविद्यालय काढले नाही. मात्र असे महाविद्यालय जिथे पुढे सामावू शकेल ती चौकट त्यांनी तयार केली. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी.

हे दोन धागे, रुग्णालयातली शाळा आणि विद्यापीठ, एकत्र यायला दुसरे महायुद्ध यावे लागले. युद्धामुळे लष्कराला परिचारिकांची टंचाई भासली आणि देशात त्या किती थोड्या आहेत हे सरकारच्या ध्यानात आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये सरकारने आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे नाव इंग्रजी वाटले तरी माणूस नाशिकचा, डेक्कन महाविद्यालयात शिकलेला. समितीचा अहवाल १९४६ साली आला. तेव्हा भारतात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. ब्रिटनमध्ये हेच प्रमाण ३०० माणसांमागे एक होते. डॉक्टरांच्या बाबतीत आपल्याकडे सुमारे ६,३०० माणसांमागे एक असा आकडा होता. ही संख्या वर्गात फळ्यावर लिहून पाहावी. डॉक्टरांपेक्षा परिचारिका जास्त लागतात, आणि आपल्याकडे त्या डॉक्टरांच्या सुमारे सातव्या हिश्शाइतक्याच होत्या. औषध लिहून देणारा होता, पण ते वेळेवर देऊन परिणाम पाहणारे कोणी नव्हते.

नुसती संख्या वाढवून भागणार नाही, हे समितीला दिसत होते. नव्या शाळा काढायच्या तर तिथे शिकवणार कोण? शिकवणाऱ्या परिचारिका तयार करण्यासाठी विद्यापीठाची पदवी हवी, अशी शिफारस अहवालात आहे. १९४६ सालीच दिल्लीत कॉलेज ऑफ नर्सिंग (आजचे राजकुमारी अमृत कौर महाविद्यालय) आणि तमिळनाडूत वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या दोन ठिकाणी बी.एस्सी.चे वर्ग सुरू झाले. ब्रिटनच्या आधी आपण पोचलो त्याचे एक कारण असे दिसते की ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या शाळा भरपूर आणि बलवान होत्या, त्यांना बदलायची निकड वाटत नव्हती. आपल्याकडे मोडायला फारसे काही नव्हतेच. पुढच्या वर्षी, १९४७ साली, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि साऱ्या देशासाठी किमान अभ्यासक्रम ठरवणारी संस्था मिळाली.

महाराष्ट्रात पदवी आली १९६४ साली. त्या वर्षी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. आणि त्याच वर्षी मुंबईत कर्व्यांच्या विद्यापीठाने लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. कर्वे नोव्हेंबर १९६२ मध्ये, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, निवर्तले होते. पाच विद्यार्थिनींच्या विद्यापीठात रक्तदाब, जीवाणू आणि औषधांच्या मात्रा हे पदवीचे विषय झालेले त्यांना पाहायला मिळाले नाहीत.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे. पदवीला शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र इतके सगळे शिकवतात. त्याचा वॉर्डात उपयोग काय? यासाठी कोकणातलेच उदाहरण घेऊ. लाल विंचू. शिमगा सरता सरता आणि पावसाच्या तोंडावर आपल्या भागात विंचवाचे रोगी येतात. सावित्रीकाठच्या महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपचार पुढे आणला. त्यामागचे शास्त्र असे. विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमची दारे उघडी ठेवते. त्यामुळे शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, रक्तदाब चढतो. हृदयाला हा भार सहन झाला नाही तर फुप्फुसात पाणी भरते. प्राझोसिन आवळलेल्या वाहिन्या सैल करते.

आता रात्री दोन वाजता वॉर्डात बसलेल्या परिचारिकेचा विचार करा. समोर आठ वर्षांचा मुलगा. अनेकदा असे होते की ज्याच्या अंगात विष जास्त भिनले आहे, त्याला दंशाच्या जागी फारसे दुखत नाही. मूल रडत नाही म्हणून आई निश्चिंत असते. ज्या परिचारिकेला फक्त "दर अर्ध्या तासाने नाडी पाहा" एवढेच सांगितले आहे, ती नाडी पाहील आणि तक्त्यावर लिहील. ज्या परिचारिकेला आतले चक्र ठाऊक आहे, ती हाताचे तळवे आणि पावलेही चाचपेल. औषध दिल्यावर मुलाला उचलून बसवू देणार नाही, कारण वाहिन्या सैल झालेल्या असताना एकदम उभे केले तर रक्तदाब कोसळू शकतो. आईला मूल मांडीवर घ्यायचे असते. नको म्हणायचे तर का नको हे स्वतःला ठाऊक असावे लागते, आणि आईला पटेल असे सांगता यावे लागते. श्वास उथळ होऊन खोकला सुरू झाला की डॉक्टरांना तत्काळ उठवेल. डॉक्टर दोन वाजता खाटेशेजारी नसतात. निरीक्षण तिचे, आणि निरीक्षणाचा अर्थ लावण्याची पहिली जबाबदारीही तिचीच.

अर्थात हे तीन वर्षांची पदविका घेतलेल्या अनुभवी परिचारिकाही उत्तम करतात. ग्रामीण भागातली रुग्णालये त्यांच्यावरच उभी आहेत. पदवी नसेल तर समज नसते असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. फरक असा की त्यांनी ही समज पुष्कळदा स्वतः, वर्षानुवर्षे जागून, कोणी न शिकवता मिळवलेली असते. पदवीने ती शिकवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेवर टाकली.

आणि इथेच आजची अडचण सुरू होते. पदवीचा अभ्यासक्रम आज चार वर्षांचा आहे, २०२१ च्या नियमांनुसार तो आठ सत्रांत विभागला आहे. बारावीला भौतिक, रसायन, जीव हे विषय आणि इंग्रजी लागते, विज्ञान विषयांत सर्वसाधारण उमेदवाराला ४५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यापासून परिचर्येची बहुतेक महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. महाविद्यालयांची संख्या भराभर वाढली, तालुक्यांपर्यंत पोचली. पूर्वी मुलींना वॉर्ड होता, वर्ग नव्हता. आता काही ठिकाणी उलटे होऊ लागले आहे : वर्ग आहे, प्रयोगशाळेत प्लास्टिकचा पुतळा आहे, पण वॉर्डात रोगी नाहीत.

दापोलीसारख्या ठिकाणी असे महाविद्यालय काढायचे म्हटले तर साधा गुणाकार करून पाहण्यासारखा आहे. ६० जागा, चार वर्षे, म्हणजे २४० विद्यार्थी. एका वेळी त्यांतले एक तृतीयांश वॉर्डात आहेत असे धरू : ८०. परिचर्या परिषदेने रुजवलेले प्रमाण एका विद्यार्थ्यामागे तीन रोगी असे आहे. म्हणजे २४० रोगी हवेत. खाटा ७५ टक्के भरलेल्या असाव्यात हेही अपेक्षित आहे, तेव्हा सुमारे ३२० खाटा लागतील. संस्थेचे स्वतःचे शंभर खाटांचे रुग्णालय असावे अशी अट आहे, पण या हिशोबाने तेवढ्यावर भागत नाही. आपल्या राज्यात ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचे असते आणि उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचे. उरलेल्या अनुभवासाठी मुलांना रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जावे लागेल, आणि दापोली ते रत्नागिरी हे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५७ नवी परिचर्या महाविद्यालये जाहीर केली तेव्हा ती नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना लागूनच असतील असे ठरवले, त्यामागचे गणितही हेच असावे.

मात्र एका विषयात तालुक्याचे गाव मुंबईला मागे टाकते. पदवीच्या अभ्यासक्रमात समुदाय आरोग्य परिचर्या हा मोठा भाग आहे : घरोघर जाऊन गरोदर बाईची तपासणी, बाळाचे वजन, क्षयाच्या रोग्याने गोळ्या घेतल्या की नाही याची चौकशी, विहिरीच्या पाण्याची पाहणी. हर्णैच्या कोळीवाड्यात, आंब्याच्या बागेतल्या मजुरांच्या झोपड्यांत किंवा कमावता माणूस मुंबईला आणि म्हातारी एकटी गावाला अशा वाडीत हे जितके शिकता येईल, तितके मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणार नाही. तेव्हा तालुक्यात महाविद्यालय नकोच असे म्हणता येत नाही. रुग्णालयातील शिक्षणाची सोय कुठे आणि कशी केली आहे, एवढेच तपासायचे.

तेव्हा विद्यार्थिनी माहितीपुस्तिका घेऊन तुमच्याकडे आली तर इमारतीची छायाचित्रे बाजूला ठेवून तीन गोष्टी शोधा : संलग्न रुग्णालयाचे नाव, त्यातल्या खाटा, आणि वसतिगृहापासूनचे अंतर. महाविद्यालयाला परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, तेही पाहा. २०२३ साली संसदेने परिचर्या परिषदेच्या जागी नवा आयोग आणण्याचा कायदा संमत केला आहे, त्यामुळे मान्यतेचे कागद कोणाच्या सहीचे आहेत याकडे येत्या काही वर्षांत जास्त लक्ष द्यावे लागेल. पुस्तिकेत यातले काही सापडले नाही तर महाविद्यालयाला फोन लावावा, आणि तिसऱ्या वर्षाची मुलगी महिन्यातून किती रात्री वॉर्डात असते आणि त्या रात्री तिच्याबरोबर शिकवणारे कोण असते, हे विचारावे.